जागतिक कनिष्ठ आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धा

वीस वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय संघांसाठी आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ दरवर्षी भरवतो ती स्पर्धा. २६ डिसेंबरला सुरू होऊन साधारण ५ जानेवारीला संपते. सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) पाळण्यांची उभारणी चालू असते, त्याच सुमारास तिकडे अंतिम सामना खेळला जातो. महासंघाची अठरा वर्षांखालील मुलांची वेगळी स्पर्धा एप्रिलच्या सुमारास होते. इंटरनेटवर या दोन्हींचे निकाल बरेचदा एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणून निकाल वाचताना आधी महिना पाहावा.

वयाची अट

अट जन्मवर्षावर ठरते. २०२५ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा पात्र होता. त्यामुळे पहिल्या दिवशी मैदानात वीस पूर्ण झालेला कोणीच नसतो, पण एकाच जन्मवर्षाच्या दोघांत जवळपास वर्षाचे अंतर असू शकते: जानेवारीत जन्मलेला विशीला टेकलेला, तर ३१ डिसेंबरला जन्मलेल्याला अजून एकोणीसही पूर्ण व्हायचे असते. लहानपणापासून प्रत्येक वयोगटाची निवड याच तारखेने होत असल्याने वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले संघात जास्त दिसतात. कॅनडातील अभ्यासकांनी हे १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांतही हाच प्रकार घडतो, फक्त तो कोणी मोजत नाही.

एका संघात २५ खेळाडू असतात: ३ गोलरक्षक आणि २२ इतर. सामन्यासाठी २ गोलरक्षक आणि २० इतर खेळाडू गणवेशात असतात. सर्वोत्तम संघच येतो असे मात्र नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळत असेल, तर त्याला सोडायचे की नाही हे त्याचा क्लब ठरवतो. याचा फटका सर्वांत जास्त कॅनडाला बसतो.

स्पर्धेचा आराखडा

१९९६ पासून वरच्या गटात दहा संघ असतात. पाच-पाचचे दोन गट पडतात, म्हणजे प्रत्येक संघाचे चार साखळी सामने. दोन्ही गटांतले पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. तळाचे दोन संघ एकमेकांशी खेळतात आणि हरणारा पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत (पहिली श्रेणी, अ गट) उतरतो. तिथला विजेता वर येतो. २०२५ साली असे एकूण २९ सामने झाले.

गुणांची पद्धत क्रिकेटच्या प्रेक्षकाला सुरुवातीला गोंधळात टाकते. नियमित ६० मिनिटांत जिंकल्यास ३ गुण. बरोबरी झाली तरी दोन्ही संघांचा १ गुण पक्का, आणि जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकासमोर गोलचा प्रयत्न करणे) जिंकणाऱ्याला आणखी १. त्यामुळे तीन सामने जादा वेळेत जिंकून चौथा हरलेल्या संघाचे ६ गुण होतात, तर दोन नियमित विजय, एक जादा वेळेतील पराभव आणि एक साधा पराभव असलेल्या संघाचे ७. कमी सामने जिंकलेला संघ वर दिसला म्हणून तक्ता चुकलेला नसतो. गुण समान झाले तर आधी त्या दोघांतला सामना पाहतात. तीन संघ समान असतील तर त्या तिघांपुरताच छोटा तक्ता मांडतात. ‘नेट रन रेट’ची सवय झालेला प्रेक्षक थेट एकूण गोलफरक मोजत बसतो आणि चुकतो.

जादा वेळेत दोन्हीकडून तीन-तीनच खेळाडू आणि गोलरक्षक उतरतात. साखळीत हा वेळ ५ मिनिटांचा, बाद फेरीत १० मिनिटांचा आणि त्यानंतर शूटआउट. अंतिम सामन्यात मात्र शूटआउट नाही. गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांचे डाव चालतात. एवढ्या मोकळ्या बर्फावर एक चुकलेला पास पुरतो. २०२२, २०२३ आणि २०२५ चे अंतिम सामने असेच जादा वेळेत सुटले.

उपांत्य आणि अंतिम सामना लागोपाठच्या दिवशी असतो. पहिल्या दोन फळ्यांवरच (आळीपाळीने उतरणाऱ्या आघाडीच्या तुकड्यांवर) भिस्त ठेवणारा प्रशिक्षक इथे अडकतो. बाद फेरीत एकच सामना निर्णायक असल्याने बलाढ्य संघही वाचत नाही: २०२४ मध्ये ३–२ आणि २०२५ मध्ये ४–३ अशा फरकाने कॅनडा ओळीने दोनदा उपांत्यपूर्व फेरीतच चेकियाकडून हरला, आणि दोन्ही वेळा निर्णायक गोल शेवटच्या मिनिटात झाला.

खेळ कसा पाहावा

मैदान ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद. कोपरे गोलाकार, भोवती फळ्यांची भिंत. पक ही कडक रबराची चकती: व्यास ७.६२ सेंमी, जाडी २.५४ सेंमी, वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, कारण गरम रबर उसळते. गोलची चौकट १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. २० मिनिटांचे तीन डाव होतात. शिट्टी झाली की घड्याळ थांबते, म्हणून एक सामना सव्वादोन-अडीच तास चालतो.

एका वेळी गोलरक्षकासह सहा जण बर्फावर असतात. पूर्ण वेगाने कोणीही चाळीस-पन्नास सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून बदली खेळ चालू असतानाच होते. पक प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला ढकलून बदली करायची असते. मागे फिरताना बदली केली की समोरच्याला मोकळी वाट मिळते. या वयातल्या संघांचे कितीतरी गोल अशाच चुकीतून होतात. एकाच वेळी सात जण बर्फावर सापडले तर दोन मिनिटांची शिक्षा.

छोट्या आगळिकीला २ मिनिटे, मोठ्या आगळिकीला ५ मिनिटे. शिक्षा झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि संघ एकाने कमी खेळतो. दोन मिनिटांच्या शिक्षेत विरुद्ध संघाने गोल केला की ती तिथेच संपते. ध्यानचंदांच्या हॉकीवर वाढलेल्याला खटकते ते अंगाला अंग भिडवणे. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने रोखणे नियमात बसते. डोक्यावर किंवा पाठीमागून भिंतीवर आदळणे बसत नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला पूर्ण चेहरा झाकावा लागतो, त्यामुळे संघातला सर्वांत लहान मुलगा लांबूनही ओळखू येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील सामन्यात स्केटचे पाते मानेला लागून अ‍ॅडम जॉन्सन या अमेरिकी खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत मानेचा पट्टा सक्तीचा केला.

सामना संपल्यावर विजेत्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. हे साखळी सामन्यांनाही लागू आहे.

इतिहास

१९७४ ते १९७६ या काळात तीन अनधिकृत स्पर्धा झाल्या, तिन्ही सोव्हिएत संघाने जिंकल्या. पहिली अधिकृत स्पर्धा १९७७ ची, चेकोस्लोव्हाकियातली. तीही सोव्हिएत संघाचीच. १९७८ मध्ये सोळा वर्षांचा वेन ग्रेट्झ्की कॅनडाकडून खेळला आणि सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला (आइस हॉकीत गोल आणि गोलसाहाय्य मिळून खेळाडूचे ‘गुण’ होतात). कॅनडा तेव्हा बहुतेकदा एखादा विजेता क्लबच पाठवत असे. १९८२ पासून निवडक राष्ट्रीय संघ बांधायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी पहिले सुवर्ण मिळाले.

४ जानेवारी १९८७ चा चेकोस्लोव्हाकियातल्या पिएश्टानीचा सामना या स्पर्धेच्या इतिहासातला काळा दिवस. तेव्हा अंतिम सामना नसे, आठ संघांची साखळी असे. शेवटच्या लढतीत कॅनडा सोव्हिएत संघाविरुद्ध ४–२ ने पुढे होता. कांस्य हातात होते आणि मोठ्या फरकाने जिंकल्यास सुवर्णही. दुसऱ्या डावात हाणामारी सुरू झाली आणि दोन्ही बाकांवरचे खेळाडू बर्फावर उतरले. पंच निघून गेले, शेवटी सभागृहातले दिवे मालवण्यात आले. दोन्ही संघ बाद ठरले आणि सुवर्ण फिनलंडला मिळाले. त्या संध्याकाळी पंचांचा वचक पहिल्या डावापासूनच उरला नव्हता, हे चित्रफीत पाहताना स्पष्ट दिसते.

१९९३ मध्ये स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गने एका स्पर्धेत ३१ गुण केले. तो विक्रम अजून टिकून आहे. २०२३ मध्ये कॅनडाच्या कॉनर बेडार्डचे २३ झाले. १९९३–९७ आणि २००५–०९ अशी दोनदा कॅनडाने ओळीने पाच सुवर्णे घेतली. २०११ च्या बफेलोतल्या अंतिम सामन्यात मात्र कॅनडाची ३–० अशी आघाडी असताना तिसऱ्या डावात रशियाने पाच गोल केले. २०२५ पर्यंतच्या हिशेबात कॅनडाची २० सुवर्णे आहेत, सोव्हिएत संघ आणि रशिया मिळून १३, अमेरिकेची ७, फिनलंडची ५.

कोविडमुळे डिसेंबर २०२१ ची स्पर्धा चार दिवसांतच थांबली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एडमंटनला पुन्हा पहिल्यापासून खेळवली गेली. रशिया आणि बेलारूस २०२२ पासून बाहेर आहेत.

सोलापूरच्या घड्याळात

हिवाळ्यात ओटावा किंवा टोरंटोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, मिनेसोटाचे साडेअकरा, एडमंटनचे साडेबारा, स्वीडनचे साडेचार. ओटावातला संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे सोलापुरात दुसऱ्या दिवशी पहाटेचे सहा. एडमंटनचा सातचा म्हणजे सकाळचे साडेसात, शाळेच्या रिक्षा निघायच्या वेळेला. स्वीडनमधला साडेसातचा सामना ठीक मध्यरात्री सुरू होतो. घोटाळा होतो तो तारखेत: उत्तर अमेरिकेतली ५ जानेवारीची अंतिम लढत आपल्याकडे ६ तारखेला पाहावी लागते. २६ डिसेंबरचे दुपारचे सामने मात्र इथे त्याच रात्री उशिरा लागतात.

बर्फ, पाणी आणि काळी माती

सोलापुरात बर्फाची रिंक नाही. सिद्धेश्वर तलाव गोठण्याचा प्रश्नच नाही, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असतो. तरीही अशी रिंक कशी बनते हे समजले की स्पर्धेतले बरेच काही उलगडते.

काँक्रीटच्या फरशीत नळ्या पुरलेल्या असतात. त्यांतून शून्याखालच्या तापमानाचे खारे पाणी किंवा ग्लायकॉल फिरते. गावातल्या बर्फाच्या कारखान्यातही लादी अशाच थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत जमते. लादी मधोमध पांढुरकी दिसते, कारण पाण्यातली हवा बाहेर न निघता आत कोंडते. असा बर्फ ठिसूळ असतो, म्हणून रिंकवर पाणी एकदम ओतत नाहीत. आधी बारीक फवारे, मग पांढरा रंग, त्यावर रेषा, मग पुन्हा पातळ थर. एकूण जाडी अडीच ते चार सेंमी, पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास. जाडी वाढली की थंडी वरपर्यंत पोचत नाही, वरचा थर मऊ पडतो आणि यंत्राचे वीजबिल वाढते. फार थंड झाला तर पात्याखाली कपच्या उडतात.

डावांच्या मधल्या १५ मिनिटांत फिरणारी गाडी फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बनवली. ती खरवडलेला थर उचलते, भेगा धुते आणि साधारण ६० अंशांचे गरम पाणी पसरते. गरम पाण्यात हवा कमी असते आणि ते खालच्या थराला जरासे वितळवून त्यात मिसळते. पाणी जास्त पडले तर डाव सुरू होईपर्यंत ते नीट गोठत नाही आणि पहिली दोन-तीन मिनिटे पक रखडते.

३० मीटर रुंदीच्या मैदानाचे क्षेत्रफळ १,८०० चौरस मीटर. ३ सेंमी थराला ५४ घनमीटर, म्हणजे ५४,००० लिटर पाणी लागते: दहा हजार लिटरचे सुमारे साडेपाच टँकर, तेही क्षार काढलेल्या पाण्याचे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात एवढे ऐकले की लोक दचकतात, पण हे पाणी एकदाच लागते. खरी अडचण खालच्या जमिनीची. काळी माती ओलीला फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे ती काढून मुरुमापर्यंत खोदावे लागेल. फरशीखाली उष्णतारोधक थर हवा, आणि त्याखाली जमीन गोठून फुगू नये म्हणून ऊब देणाऱ्या नळ्याही. पावसाळ्यातली दमट हवा आत शिरली तर बर्फावर धुके साचते. त्यासाठी हवा कोरडी करणारी यंत्रणा अखंड चालवावी लागते.

भारत आणि चाकांवरून बर्फावर

भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे, पण या स्पर्धेच्या वरच्या गटात भारतीय संघ कधी खेळलेला नाही. देशातली आइस हॉकी मुख्यतः लडाखची. लेहमध्ये नैसर्गिक बर्फाचा हंगाम डिसेंबरअखेरपासून जेमतेम दीड महिन्याचा असतो. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकीही तिथेच होते. देहरादूनला बंदिस्त रिंक आहे.

सोलापूरच्या मुलाला जवळचा रस्ता चाकांच्या स्केटचा, त्यातही एका ओळीत चाके असलेल्या इनलाइन हॉकीचा. तीत चार खेळाडू आणि गोलरक्षक असतात. पास देण्याची नजर आणि काठी हाताळणे दोन्हीकडे सारखेच. फरक थांबण्यात आहे. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून, वरचा थर खरवडत थांबतात. चाकांवर तसे करता येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी मुले भिंतीवर जाऊन आदळतात. पाते सुमारे तीन मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाला लांबीभर खोबण घासलेली असते, म्हणून प्रत्येक पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. खोबण खोल असेल तर पकड घट्ट मिळते, पण वेग कमी होतो. हलक्या मुलाला खोल आणि वजनदार मुलाला उथळ खोबण सोयीची. भाड्याचे स्केट घेताना बोटाच्या नखावरून पाते आडवे हलकेच फिरवावे. नखाचा भुगा पडला तर धार आहे. नुसते घसरले तर घासून मागावे. लेहला जायचे असेल तर गाव सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे हे लक्षात घेऊन पहिले दोन दिवस बर्फावर न उतरता विश्रांतीसाठी ठेवावेत.