लंब रेषांचा चढ

लंब रेषांचा चढ हा निर्देशक भूमितीतला एक छोटासा पण जागोजागी लागणारा नियम आहे. दोन रेषा एकमेकींना काटकोनात छेदत असतील तर त्यांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, आणि उलटंही खरं, गुणाकार −१ आला की रेषा लंबच. म्हणजे एकीचा चढ माहीत असेल तर दुसरीचा काढायला अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं, झालं. २/३ चा −३/२ होतो, −५ चा १/५ होतो.

चढ म्हणजे रेषेवरच्या कुठल्याही दोन बिंदूंच्या य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, सोप्या भाषेत उजवीकडे एक घर सरकलं की रेषा किती घरं वर गेली किंवा खाली आली ते. राज्य बोर्डाच्या मुलांना चढ दहावीला भेटतो, समांतर रेषांचे चढ सारखे हेही तिथेच कळतं, लंब रेषांचा नियम मात्र अकरावीत येतो आणि बहुतेकांच्या डोक्यात तो नुसता सूत्र म्हणून बसतो. −१ च का, हे कोणी विचारत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

आलेख कागद घ्या. आरंभबिंदूपासून ३ घरं उजवीकडे, २ घरं वर, तिथे बिंदू द्या आणि रेघ ओढा, चढ २/३. आता आरंभबिंदूवर बोट दाबून धरून ती रेघ, खालच्या काटकोन त्रिकोणासकट, डावीकडे पाव फेरी फिरवलीत असं समजा. जी बाजू ३ घरं आडवी होती ती आता ३ घरं उभी झाली, जी २ घरं वर जात होती ती २ घरं डावीकडे गेली, बिंदू पोचला (−२, ३) वर. नवा चढ ३ भागिले −२, म्हणजे −३/२. आडव्याचं उभं झालं म्हणून अपूर्णांक उलटला, उभ्याचं आडवं होताना ते डावीकडे गेलं म्हणून उणे चिन्ह आलं. पायथागोरसने पडताळायचं तर दोन्ही रेघांच्या लांबीचा वर्ग १३, आणि दोन टोकांमधल्या अंतराचा वर्ग २५ + १ = २६, बरोबर १३ + १३, म्हणजे काटकोन पक्का.

पेपरात चूक होते ती दोनपैकी एकच गोष्ट करून थांबल्यामुळे. चढ २ असलेल्या रेषेचा चढ नुसता उलटा केला तर १/२, ती ४५ अंशाच्या तिरप्या रेषेत दिसणारी मूळ रेषेची आरशातली प्रतिमा असते, लंब नसते. नुसतं चिन्ह बदललं तर −२, तीही प्रतिमाच, फक्त आता आरसा क्ष-अक्षाचा. पण एकापाठोपाठ एक दोन्ही आरसे वापरले तर, आरशांमधला कोन ४५ अंशांचा असल्यामुळे, रेषा त्याच्या दुप्पट म्हणजे ९० अंशांत फिरते! मला स्वतःला हे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त पटतं, एकदा हे डोळ्यांसमोर उभं राहिलं की नियम पाठ करावाच लागत नाही.

एक अपवाद आहे. आडव्या रेषेचा चढ ० आणि उभीचा चढ ठरवताच येत नाही कारण भागाकारात खाली शून्य येतं, त्यामुळे या दोघी लंब असूनही गुणाकाराची भाषा तिथे चालत नाही. अशा वेळी दिशा वापरायच्या: एका रेषेवर (अ, ब) इतकं सरकतो आणि दुसरीवर (क, ड) इतकं, तर अक + बड = ० झालं की काटकोन, यात भागाकारच नाही म्हणून उभी रेषाही अडत नाही.

वापर म्हणाल तर त्रिकोणाचे शिरोलंब, वर्तुळाच्या स्पर्शिका, लंबदुभाजक, सगळीकडे हाच नियम. (१, २) आणि (७, ६) या बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक बघू. मध्यबिंदू (४, ४), चढ ४/६ म्हणजे २/३, लंबाचा चढ −३/२, समीकरण ३क्ष + २य = २०. या रेषेवरचा (६, १) घ्या, दोन्ही टोकांपासून त्याच्या अंतराचा वर्ग २६ च येतो, (२, ७) घेतला तरी २६ च.

आलेख काढताना मात्र दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं हवं. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = ५ एकक घेतलं तर गणित बरोबर असूनही काटकोन तिरका दिसतो, कंपासपेटीतला गुण्या लावला तरी जुळत नाही, आणि पोरं उगाच आपलंच उत्तर खोडून बसतात. मोबाइलवरच्या आलेखाच्या ॲपमध्ये बोटांनी एकच अक्ष ताणला गेला तरी हेच होतं, तेव्हा एक वर्तुळ काढून बघायचं, ते अंड्यासारखं दिसलं तर आधी प्रमाण सारखं करून घ्यायचं.