प्रीलोड उंची ठरवतो, डॅम्पिंग वेग

दिवाळीत भाचा साताऱ्याहून आला तो कंबर चोळतच. सेकंड हँड अपाचे आरआर ३१० घेऊन त्याला दोन महिने झाले होते. "मामा, मागचं शॉकअप दगड झालंय. दोन फेरे सैल केलं, तरी तसंच. उलट आता पसरणी घाटाच्या वळणांवर गाडी बाहेर बाहेर जाते."

टीव्हीएस २०२१ पासून या गाडीला, कोणी मागितलं तर, ॲडजस्ट करता येणारं सस्पेन्शन देते, आणि आधीच्या मालकाने ते घेतलेलं होतं. भाच्याने हुक पाना लावून स्प्रिंगच्या डोक्यावरची रिंग फिरवली होती. ती रिंग प्रीलोडची. दगड झालं होतं ते डॅम्पिंगमुळे, म्हणजे शॉकअपच्या हालचालीचा वेग आवरणाऱ्या तेलाच्या विरोधामुळे, आणि त्याच्या स्क्रूला भाच्याने हातही लावला नव्हता. दोष त्याचा नाही. आपल्याकडे गॅरेजमध्ये दोन्हींना एकच भाषा आहे: "कडक करू का नरम?" या दोन शब्दांनी जितक्या चांगल्या गाड्या बिघडवल्या आहेत, तितक्या खड्ड्यांनीही नसतील. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

प्रीलोड म्हणजे गाडीवर कोणी बसण्याआधीच स्प्रिंगला दिलेला दाब. रिंग घट्ट केली की स्प्रिंग आधीच थोडी दबते. पण स्प्रिंग त्याने कडक होत नाही. हे पटायला जड जातं, म्हणून हिशेब करून दाखवतो. लिंकेज (शॉकअप आणि चाकामधले जोड-दांडे), प्रोग्रेसिव्ह (दबताना कडक होत जाणारी) स्प्रिंग वगैरे बाजूला ठेवू. समजा, स्प्रिंग १ मिमी दाबायला ९ किलो वजन लागतं, आणि तिच्यावर एकूण २७० किलो भार येतो. प्रीलोड शून्य असेल तर ती ३० मिमी दबेल. आता रिंग फिरवून १० मिमी प्रीलोड द्या. भार तोच, त्यामुळे स्प्रिंगही एकूण ३० मिमीच दबलेली असणार. पण त्यातले १० मिमी तुम्ही पान्याने आधीच दाबलेत, म्हणून शॉकअप आता २० मिमीच खाली बसेल. पुढे खड्डा आला, आणखी ९० किलो भार पडला, तर दोन्ही वेळा स्प्रिंग आणखी १० मिमीच दबणार. खड्ड्याला उत्तर सारखंच. बदलली ती फक्त गाडी कुठे उभी आहे ती जागा.

मग प्रीलोड खूप वाढवला की गाडी आपटते कशी? कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. सस्पेन्शन फक्त उंचवटे गिळण्यासाठी नसतं. खळग्यात चाक खाली उतरून रस्त्याला चिकटून राहायला हवं, आणि त्यासाठी गाडी आपल्या वजनाने थोडी बसलेली असावी लागते. ती अजिबात बसली नसेल तर प्रत्येक खळग्यात शॉकअप पूर्ण उघडून टोकाला 'टक्' करून लागतं. शिवाय सुरुवातीचा दाब पार होईपर्यंत स्प्रिंग हलतच नाही, त्यामुळे बारीक खडबड थेट पाठीत जाते. चालवणाऱ्याला तो कडकपणा वाटतो. खरं तर गाडी फार वर उभी असते.

डॅम्पिंगचा उंचीशी संबंध नाही. होळीची पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला तर पाणी निमूटपणे निघतं, जोरात दाबला तर हाताला विरोध करतं. शॉकअपच्या आत पिस्टन तेलातून जातो तेव्हा हेच होतं. तेल बारीक वाटांतून आणि पातळ चकत्यांखालून निघतं, आणि जितक्या वेगाने ढकलाल तितका विरोध वाढतो. गाडी उभी असली की वेग शून्य, आणि डॅम्पिंगचं बळही शून्य. स्प्रिंग उभ्या गाडीलाही उचलून धरते, डॅम्पिंग एक किलोही उचलत नाही. शॉकअप दबताना अडवतं ते कॉम्प्रेशन, उघडताना अडवतं ते रिबाउंड. काही महाग शॉकअपवर 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' असे दोन वेगळे स्क्रू असतात. तो वेगही पिस्टनचा, स्पीडोमीटरचा नव्हे. ताशी ३० ने जाताना धारदार खड्ड्यात चाक आदळलं तर ते हाय स्पीड, आणि ताशी १२० वर लांब वळणात गाडी सावकाश बसली तर ते लो स्पीड.

भाच्याच्या गाडीचा रिबाउंड स्क्रू जवळपास पूर्ण बंद निघाला. विकण्याआधी कोणीतरी सगळंच घट्ट करून ठेवलं असावं. अशा वेळी पहिला खड्डा शॉकअप नीट गिळतं, पण सावकाश उघडत असल्याने ते परत वर येण्याआधीच दुसरा खड्डा येतो. मग तिसरा. दर खड्ड्याला ते थोडं आणखी खाली अडकत जातं आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. रम्बल स्ट्रिप्सवर किंवा एकामागून एक येणाऱ्या उड्डाणपुलांच्या सांध्यांवर हे लगेच कळतं: पहिला धक्का बरा, चौथा असह्य. बसणाऱ्याला ते दगडासारखं लागतं. त्यात भाच्याने प्रीलोड सैल केल्यावर मागची बाजू आणखी खाली गेली. मागून बसलेल्या गाडीचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दोन नळ्या) जास्त तिरका होतो, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि वळणात ती वळायला कुरकुरते. पसरणीत गाडी बाहेर का जात होती, त्याचं उत्तर हे.

आम्ही आधी प्रीलोड मोजला. अंदाजाने फिरवण्यात अर्थ नाही, आणि मोजायला लागते फक्त टेप आणि दोन माणसं. मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या बरोबर वर, शेपटीवर मास्किंग टेपचा तुकडा लावला. गाडी साइड स्टँडकडे कलवून मागचं चाक जमिनीवरून पूर्ण सुटेल अशी उचलली आणि अंतर घेतलं. (पॅडॉक स्टँडवर हे माप चुकतं. तो स्टँड स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, धरतो, त्यामुळे गाडीचं वजन शॉकअपवर तसंच राहतं. मी स्वतः वर्षभर असंच चुकीचं मोजत होतो.) मग गाडी सरळ उभी करून तिच्या स्वतःच्या वजनावर दुसरं माप, आणि भाचा हेल्मेट-जॅकेटसह नेहमीसारखा बसल्यावर तिसरं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की मिळतो रायडर सॅग, म्हणजे चालवणाऱ्यासह गाडी किती बसते ते. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला तो मागे साधारण ३० ते ३५ मिमी आणि पुढे ३० ते ४० मिमी ठेवतात. आमचा आला ४५. रिंग दोन फेरे परत घट्ट केल्यावर तो ३३ झाला.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी नुसत्या आपल्या वजनाने किती बसते ते कळतं. मागे ते ५ ते १५ मिमीच्या आसपास असावं. या आकड्यात एक उलटी गोष्ट लपलेली आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी तीच. रायडर सॅग बरोबर आला, पण रिकामी गाडी अजिबात बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला नरम आहे. तुम्ही प्रीलोड ठासून तिला कशीबशी उंचीवर आणलेलं असतं. आणि रिकामी गाडीच खूप बसत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. खरा कडक-नरमपणा असतो तो इथे, स्प्रिंगमध्ये. तो कोणत्याही रिंगने किंवा स्क्रूने बदलत नाही, त्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते.

म्हणून नव्या गाडीवर खर्च करायला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिला पैसा सायलेन्सरवर जातो, आणि पुण्या-नागपुरात जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरताना आपण पाहिलेला आहे. दुसरा जातो सोनेरी रंगाच्या महागड्या शॉकअपवर. ते शॉकअप उत्तमच असतं, पण त्यात तुमच्या वजनाची स्प्रिंग नसेल तर ५५ किलोच्या मुलाला आणि ९५ किलोच्या माणसाला ते सारखंच अडचणीत टाकेल. आधी सॅग मोजा. बऱ्याचदा नुसती स्प्रिंग बदलून काम होतं.

डॅम्पिंगला टेप चालत नाही, तिथे क्लिक मोजायचे. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत बंद करत क्लिक मोजा, आकडा लिहून ठेवा. टोकाला जोर लावू नका, आतली सुई खराब होते. मग बंद स्थितीपासून उलटे मोजत उघडा. आम्ही रिबाउंड दोन-दोन क्लिकने उघडत गेलो आणि दर वेळी त्याच तुकड्यावरून चक्कर मारली. सीटवर जोराने दाबून सोडलं की मागची बाजू वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डोलली तर रिबाउंड सैल, चिखलातून पाय काढल्यासारखी आली तर घट्ट. या चाचणीने ढोबळ अंदाज येतो, शेवटचा निकाल रस्ताच देतो. भाच्याची गाडी आठव्या क्लिकला माणसात आली.

पुढच्या बाजूला हा गोंधळ ब्रेकच्या निमित्ताने होतो. "ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते, प्रीलोड घट्ट कर," असं सर्रास सांगितलं जातं. प्रीलोडने फोर्क वरून सुरुवात करेल, त्यामुळे शेवटी थोडा वर थांबेल. पण बुडण्याचा झपाटा कमी करतं ते कॉम्प्रेशन. तेही फक्त उशीर करतं. घाटात लांब ब्रेक धरून उतरताना फोर्क अखेर स्प्रिंग ठरवेल तिथेच जाऊन पोचतो. फोर्कच्या नळीवर एक झिप टाय बांधा, तो किती खाली गेला ते राइडनंतर दिसतं. टोकाला टेकत असेल तर आधी स्प्रिंगचा आणि तेलाच्या पातळीचा विचार करा.

कंपन्यांनी ही दोन कामं किती वेगळी मानली आहेत, ते गाड्यांवरच दिसतं. कावासाकी झेडएक्स-६आरच्या शोवा फोर्कमध्ये प्रीलोडचा नट एका पायावर आणि डॅम्पिंगचे स्क्रू दुसऱ्या पायावर आहेत. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या २०२३ पासूनच्या मॉडेलला पुढे कॉम्प्रेशन-रिबाउंडचे क्लिकर आहेत, प्रीलोड नाही. तिथे क्लिकर कितीही फिरवले तरी पुढची उंची मिलिमीटरभरही बदलणार नाही.

दोन्ही एकमेकांना भेटतात ते डबलसीटला. मागे माणूस बसला की गाडी खाली जाते, म्हणून प्रीलोड वाढवायचा. पण आता स्प्रिंग जास्त दबलेली असते आणि जास्त जोराने उसळते, म्हणून रिबाउंडही एक-दोन क्लिक घट्ट करायचा. परत एकटे निघालात की दोन्ही उलट.

मागच्या महिन्यात भाच्याचा वाईहून फोन आला. मित्राला मागे बसवून महाबळेश्वरला निघाला होता. "मामा, रिंग चार फेरे घट्ट केलीय. रिबाउंड आठवरून सहावर. बरोबर ना?" मित्राचं वजन विचारलं. ७० किलो म्हणाला. म्हटलं, एक फेरा आणखी घे, आणि हेडलाइट थोडा खाली कर.