जुनी स्नोमोबाइल पेट्रोल जास्त खायला लागली, तर
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांची ठरलेली तक्रार असते: "ॲव्हरेज पडलंय, कार्बोरेटर बघा." आम्ही बघतोच. पण बऱ्याच वेळा कार्बोरेटर ठीक असतो आणि बेल्ट झिजलेला, ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रुंद रबरी पट्टा) नको इतका आवळलेला, नाहीतर ब्रेक धरून बसलेला निघतो. इंजिन ते सगळं ओढत राहतं आणि आळ कार्बोरेटरवर येतो. यातलं बरंचसं तुम्हाला घरीच तपासता येईल. फक्त क्रम चुकवू नका: आधी मोजमाप, मग गाडीचा खालचा भाग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

खरंच पडलंय का?

टाकीच्या काट्यावर जाऊ नका. गाडी सपाट जागी उभी करून ठरलेल्या खुणेपर्यंत टाकी भरा, फिरून या आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. 96 किलोमीटरला 20 लिटर लागलं, तर लिटरला 4.8 झालं. असं निदान तीनदा करा आणि शेजारी बर्फ कसा होता तेही लिहा. दाबून सपाट केलेली वाट आणि गुडघाभर भुसभुशीत बर्फ यांचे आकडे एकमेकांशी ताडून काही उपयोग नाही.

आणखी एक गोम आहे. गाडीचा मीटर ट्रॅक किती फिरला ते मोजतो, जमीन किती मागे पडली ते नाही. मऊ बर्फात ट्रॅक जागीच घसरतो आणि मीटर पुढे पळतो. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो.

थोडी घट हवामानाचीही असते. शून्य अंशाच्या तुलनेत उणे 30 अंशांना हवा सुमारे 12 टक्के दाट होते. तितक्या हवेला पेट्रोलही जास्त हवं, आणि दाट हवा कापायला जोरही जास्त लागतो. पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे ऊर्जा साधारण 3 टक्के कमी मिळते. एवढ्यासाठी गाडी उघडायची गरज नाही. पण तशाच वाटेवर, तशाच थंडीत ॲव्हरेज एक तृतीयांशाने खाली आलं असेल, तर पुढे वाचा.

बेल्ट आणि क्लच

आमचा पहिला संशय इथेच. बेल्ट दोन पुल्यांच्या (यांनाच क्लच म्हणतात) उतरत्या गालांमध्ये चिमटीत धरलेला असतो आणि गती वाढेल तसा तो वर-खाली सरकून गिअर बदलतो. झिजून अरुंद झालेला बेल्ट गालांमध्ये जास्त खोल बसतो. मग गाडी उचलताना गिअर जड पडतो, आणि वेगात असताना इंजिन विनाकारण जास्त फिरतं. चालवणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण झीज हळूहळू होते आणि थ्रॉटलवरचा (वेग देणाऱ्या खटक्यावरचा) अंगठा नकळत थोडा थोडा जास्त दाबला जातो.

बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडा. निदान सीटखालच्या कोऱ्या बेल्टशेजारी धरून तरी पाहा. दहा-पंधरा मिनिटं चालवून आल्यावर इंजिन बंद करा, पुल्या पूर्ण थांबू द्या, कव्हर उघडा आणि पुलीजवळ हात न्या. धग लागली तर हात लावू नका. व्यवस्थित चालणारी पुली कोमट असते. हात ठेववत नसेल, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे तुमचं पेट्रोल पुली तापवण्यात जातंय. कव्हरच्या आत काळी भुकटी साचली असेल तर शंकाच नको.

ट्रॅक, स्लाइड, ब्रेक, स्की

इंजिन बंद ठेवून बेल्ट काढा, गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचला आणि ट्रॅक हाताने फिरवा. तो जड पण एकसारखा फिरायला हवा. कुठे अडखळला, घरघरला, तर चाकांची बेअरिंगं गेली समजा. ट्रॅक सैल वाटला म्हणून अंदाजाने आवळणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून मॅन्युअलमधल्या मापानेच ताण द्या. इंजिन चालू करून ट्रॅक फिरवायचाच असेल, तर मागे कोणीही उभं राहू नये. फेकला गेलेला खिळा किंवा बर्फाचा खडा गोळीसारखा येतो.

ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्या स्लाइडना बर्फाचंच वंगण मिळतं. कडक बर्फावर किंवा उघड्या जमिनीवर फार चालवलं की त्या तापतात आणि चिकटून ओढू लागतात. चालवून आल्यावर ब्रेकची डिस्क निळसर दिसली, तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. दोन्ही स्की समोर सरळ बघतात की नाही, तेही सरळ पट्टी लावून पाहा.

आता इंजिन

सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडा. पुसू नका! ती काजळीच आम्हाला वाचायची असते. सगळेच काळे असतील तर कारण सामाईक आहे. गाडी सखल भागातून 2000 मीटर उंचीवर नेली आणि जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तेच ठेवले, तर हवा पाचव्या हिश्श्याने विरळ आणि पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच. किंवा एअरबॉक्समध्ये उंदरांनी घर केलेलं. हसू नका, उन्हाळाभर बंद राहिलेल्या गाडीतून आम्ही गवत, चिंध्या आणि सीटचा फोम बाहेर काढलाय.

एकच प्लग काळा आणि बाकीचे तांबूस असतील, तर दोष त्याच सिलिंडरचा. एका गाडीला तीनदा प्लग बदलून झाले होते, कॉइलही नवी होती. शेवटी सापडली ती चोकची (थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल देणाऱ्या भागाची) केबल. कुठल्याशा दुरुस्तीत ती वेगळ्या वाटेने फिरवली होती, आणि हँडल वळवलं की ताणली जाऊन एका कार्बोरेटरचा चोक दोनेक मिलिमीटर उचलला जायचा. केबल मूळ जागी बसवली, काम झालं.

पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तरी असंच होतं. क्रँककेसकडून पंपाला येणारी बारीक नळी काढून बघा. आत पेट्रोल असेल तर ते थेट इंजिनात ओढलं जातंय. जुन्या गाडीत सुई ज्या जेटमध्ये वर-खाली होते, त्याचं भोकही थरथरीने झिजून लांबट होतं. नुसत्या डोळ्यांना ते नवंच दिसतं, पण अर्ध्या थ्रॉटलला मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आणि रोजची गाडी चालते ती तिथेच.

इंजेक्शनच्या गाडीत तापमानाचा सेन्सर आणि उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट आधी बघतो. इंजिन गरम झालंय हे कंट्रोलरला कळलंच नाही, तर तो पेट्रोल देतच राहतो.

हे मात्र करू नका

ॲव्हरेज वाढावं म्हणून मेन जेट लहान करू नका. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल इंजिनला थंडही करतं, आणि ऑइल मिसळून भरत असाल तर वंगणही त्याच्याबरोबरच येतं. मिक्श्चर लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) की गाडी सुरुवातीला झकास पळते, म्हणूनच फसायला होतं. मग एका लांब चढावर पिस्टन धरतो किंवा त्याला भोक पडतं.

आमच्याकडे येताना

मोजमापाची वही, न पुसलेले प्लग आणि जुना बेल्ट सोबत आणा. आधी कुणी जेट, क्लचची स्प्रिंग किंवा ट्रॅक बदलला असेल तर सांगा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आम्ही तुमच्यासमोर मोजू. सिलिंडरांमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तरच इंजिन उघडण्याचा विषय काढू.