हलके रोलर की कडक स्प्रिंग?

बिनगिअरची स्कूटर ‘उचलत नाही’ ही तक्रार घेऊन पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरलात, तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, हलके रोलर टाका. शेजारचा म्हणतो, रोलरने काय होतंय, मागची स्प्रिंग कडक टाका. दोन्ही वस्तू बेल्टच्या एकाच कव्हरखाली बसतात, दोन्हींमुळे इंजिनचा आवाज चढतो आणि दोन्हींमुळे सिग्नलवरून गाडी चटकन निघते. त्यामुळे एकाच दुखण्यावरची दोन औषधं समजून लोक जे स्वस्त मिळेल ते घेतात, नाहीतर दोन्ही एकदम घालतात. प्रत्यक्षात ही दोघं बेल्टच्या दोन टोकांना बसून एकमेकांविरुद्ध ओढत असतात.

जुन्या बजाज चेतकवाल्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. चार गिअर डाव्या मुठीत होते. चढ आला की मूठ फिरवायची. १९८०च्या दशकात किनेटिक होंडा आली आणि मुठीतला गिअर गेला. तेव्हापासून आजच्या अ‍ॅक्टिव्हा, अ‍ॅक्सेस, ज्युपिटरपर्यंत पेट्रोलवरच्या बिनगिअरच्या स्कूटरची रचना मुळात तीच आहे. पुढे इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावर, एक पुली, मागे चाकाच्या बाजूला दुसरी आणि दोन्हींवर एक रबरी बेल्ट. पुढची पुली म्हणजे व्हेरिएटर. तिच्या सरकत्या तबकडीच्या पाठीमागे उताराच्या खोबण्या असतात आणि त्यांत बहुतेक गाड्यांना सहा रोलर. इंजिन फिरायला लागलं की हे रोलर गोफणीतल्या दगडासारखे बाहेर ओढ घेतात, खोबणीच्या उतारावर चढतात आणि तबकडीला बेल्टवर रेटतात. दाबला गेलेला बेल्ट पुढच्या पुलीत कडेकडे चढतो. त्याची लांबी तर बदलत नाही, म्हणून मागच्या पुलीत तो आत खेचला जातो आणि तिच्या तबकड्या फाकतात. त्यांना सहजासहजी फाकू न देणं हे मागच्या मोठ्या स्प्रिंगचं काम. इथे खरे गिअर नाहीत; पुढच्या पुलीत बेल्ट जितका कडेला, तितका वरचा गिअर समजायचा. म्हणजे रोलर गाडीला वरच्या गिअरकडे नेणार आणि स्प्रिंग तिला खालच्या गिअरला धरून ठेवणार.

आधी रोलरचं बघू. त्याचा रेटा वजनाच्या पटीत वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत. मध्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर, मिनिटाला ६,००० फेऱ्यांना, १८ ग्रॅमचा एक रोलर जवळजवळ २५ किलो वजनाइतका बाहेर रेटतो. तिथे १५ ग्रॅमचा बसवला, तर तेवढाच रेटा मिळायला इंजिनला जास्त फिरावं लागेल. किती जास्त? १८ भागिले १५, त्याचं वर्गमूळ. म्हणजे साधारण १.१ पट. आधी जिथे ५,५०० फेऱ्या पुरत होत्या, तिथे आता ६,००० लागतील. सहा रोलर मिळून वजन कमी झालं फक्त १८ ग्रॅम. हेच गणित १० ग्रॅमला लावलं तर ५,५००चे ७,४०० होतात. ‘एकदम दहाचे टाका, गाडी उडते’ असं सांगणारे भेटतात. पण रोज ऑफिसला जाताना ती गाडी नुसती किंचाळत राहते, आणि अ‍ॅव्हरेजचं काय होतं ते पंपावर कळतंच. एक-दोन ग्रॅमच्या पायरीने खाली यावं. मधलं वजन मिळत नसेल तर तीन १६चे आणि तीन १४चे एकाआड एक बसवले की १५चं काम होतं. एकाआड एक मात्र पाहिजेच, नाहीतर तबकडीवर एका बाजूने जास्त जोर येतो.

हलक्या रोलरने टॉप स्पीड वाढतो, हे डोक्यातून काढून टाकलेलं बरं. बेल्ट जास्तीत जास्त कुठवर चढणार हे पुलीच्या मापावर ठरतं. रोलर फक्त तो कधी चढणार ते ठरवतात.

आणि एक गोष्ट खरेदीच्या आधीच बघायची. बऱ्याच जणांना ‘अपग्रेड’ची गरजच नसते. रोलरवर नायलॉनचं आवरण असतं आणि ते एका जागी घासून सपाट होतं. असा रोलर सरळ सपाटीवर लोळवला की मध्येच थबकतो. खोबणीतही तो तसाच अडकतो, मग अचानक सुटतो. गाडी चाळिशीच्या आसपास झटका देते किंवा पुढे पळायचंच नाव घेत नाही. व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापाच्या पट्टीने) दोन दिशांनी व्यास मोजा. नवा रोलर १६ मिमीचा असेल आणि जुना एका बाजूने १५ भरत असेल, तर त्याच वजनाचा नवा संच घाला. पिकअप परत येतो आणि वजनाचा विषयच काढावा लागत नाही.

आता स्प्रिंग. आधी कुठली स्प्रिंग ते नक्की करू, कारण दुकानात इथेच घोटाळा होतो. क्लच शूजना जोडलेल्या तीन छोट्या स्प्रिंगा वेगळ्या. गाडी जागेवरून किती फेऱ्यांना हलणार एवढंच त्या ठरवतात. आपण बोलतोय ती क्लचच्या मागे, पुलीच्या दांड्यावर बसणारी एकच मोठी, जाड तारेची स्प्रिंग. बाहेरच्या कंपन्या दोन्ही प्रकारांवर १०००, १५००, २००० असे सारखेच आकडे (आकडा मोठा तितकी स्प्रिंग कडक) टाकतात आणि त्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात. ‘लाल द्या’ म्हणून स्प्रिंग मागू नये.

या मोठ्या स्प्रिंगच्या जोडीला मागच्या पुलीत तिरप्या खाचा आणि त्यांत अडकलेल्या पिना असतात. चाकावर भार आला की पिना त्या खाचांत सरकतात आणि तबकड्या आणखी आवळतात. मागच्या पुलीत बेल्ट कडेकडे येतो आणि गाडी खालच्या गिअरला उतरते. माझ्या मते दोन्ही टोकांतला सगळा फरक इथे आहे. रोलरला फक्त इंजिनचे फेरे कळतात. समोर घाट आहे की सपाट रस्ता, मागे कोणी बसलंय की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. भार कळतो तो मागच्या पुलीला. स्प्रिंग कडक केली की बेल्टवरची पकड वाढते आणि भार येताच गाडी चटकन खाली उतरते.

म्हणून सपाट रस्त्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच वाटतो. फरक कळतो तो वळणावर. कात्रजचा जुना घाट घ्या, डबल सीट. वळणाला मूठ सोडली आणि वळण संपल्यावर परत पिळली. नुसते हलके रोलर असतील तर इंजिन चढ्या आवाजात चाललेलं असतं, पण वळणात बेल्ट जिथवर सरकलेला असतो तिथून परत यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात गाडी दम खाते. स्प्रिंग चांगली असेल तर मूठ पिळताच गाडी ओढायला लागते. उलट शहरातल्या सिग्नल ते सिग्नल रस्त्यावर कडक स्प्रिंगचा फारसा फायदा नाही. पुलीत घर्षण वाढतं, बेल्ट तापतो आणि लवकर झिजतो. शिवाय बेल्ट पूर्ण चढायच्या वेळी स्प्रिंग सगळ्यात जास्त दबलेली असते. ती जास्तच कडक असेल आणि त्यात रोलरही हलके असतील, तर शेवटचा टप्पा गाठलाच जात नाही. साठीला निवांत चालणारी गाडी साठीलाच ओरडायला लागते. दोन्ही एकदम घालणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते.

उलटी गल्लतही होते. जुनी, दबून आखूड झालेली स्प्रिंग आणि गरजेपेक्षा जड रोलर, दोन्हींमुळे पुढच्या पुलीत बेल्ट लवकर कडेला चढतो आणि चढावर इंजिन गुदमरतं. लक्षण एकच. निवाडा मोजूनच करायचा: रोलर वजनकाट्यावर आणि स्प्रिंगची मोकळी लांबी पट्टीवर; ती लांबी सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायची.

घरी कुठलं काम करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. पुढचं करा, मागचं गॅरेजवर सोडा. मागचा मोठा नट सुटला की दबलेली स्प्रिंग क्लचसकट तोंडावर येऊ शकते. तिथे दाबून धरणारं साधन हवं आणि ते वापरायची सवयही हवी. पुढचं काम त्या मानाने सरळ आहे. इंजिन गार होऊ द्या, कव्हरचे बोल्ट काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचा, कारण त्यांची लांबी एकसारखी नसते. पुली अडवायला तिच्यावरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर घालू नका, पातं तुटतं. पुली धरायचा पाना विकत मिळतो. व्हेरिएटर बाहेर ओढताना मागची पत्र्याची तबकडी अंगठ्यांनी दाबून धरा. ती सुटली की रोलर घरंगळतात आणि कुठल्या अंगाने बसले होते ते कळायला मार्ग राहत नाही. रोलरच्या दोन बाजू सारख्या नसतात, एका बाजूला धातू उघडा दिसतो; सहाही मूळच्याच दिशेने बसवा. ग्रीसचंही तसंच. काही गाड्यांत व्हेरिएटर सीलबंद असतो आणि आत ग्रीस असतं, पुष्कळ गाड्यांत तो कोरडा चालतो. कोरड्यात हौसेने ग्रीस भरलं तर ते उडून बेल्टवर येतं आणि बेल्ट घसरायला लागतो.

खरा धोका मात्र परत बसवताना असतो. बेल्ट ताणलेला राहिला तर तो पुढच्या दोन तबकड्यांमध्ये चेंगरतो. नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो आवळलेला असतो बेल्टच्या रबरावर; तबकडी आतल्या बुशला (मधल्या धातूच्या नळीला) टेकलेलीच नसते. थोडं अंतर चाललं की बेल्ट आपल्या जागी सरकतो, नट सैल पडतो आणि क्रँकचे दाते खाल्ले जातात. रोलरचा संच शेकड्यांत येतो. क्रँकचं काम म्हणजे अख्खं इंजिन खोलणं. हे टाळायला आधी मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल ढकला, म्हणजे पुढे ढील मिळेल. मग नट लावा. नट बसताना बेल्ट बोटाने हलवला तर सैल हलला पाहिजे. शेवटची आवळणी मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने.

बहुतेक स्कूटरना आरपीएम काटा नसतो, म्हणून निकाल कानावर सोडू नका. कव्हर लावायच्या आधी पुढच्या पुलीच्या पंख्याकडच्या तबकडीवर आतल्या बाजूने, मध्यापासून कडेपर्यंत, मार्करने दोन-तीन रेघा ओढा. मोकळ्या रस्त्यावर एक सलग पल्ला मारून या, गार झाल्यावर कव्हर काढा. बेल्ट जिथवर चढला असेल तिथवर शाई पुसलेली असेल. नव्या रोलरने शाई पूर्वीइतकीच बाहेरपर्यंत पुसली गेली आणि गाडीही हलकी निघतेय, तर वजन बरोबर. कडेची पट्टी आधीपेक्षा जास्त शिल्लक राहिली, तर एखाद-दोन ग्रॅम परत वाढवा. कंपनीच्या रोलरवरही हाच प्रयोग एकदा आधी करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? वजन जमलं, सपाटीवर गाडी छान चालली, तरी घाटात वळणानंतर ती दमच खात असेल, तर आता मागच्या स्प्रिंगचं बघा, आणि तीसुद्धा सगळ्यात कमी आकड्याचीच घ्या.