शोधनिबंध टायपिंगला देण्याआधी : संदर्भांविषयी थोडेसे

समाजशास्त्राचे शोधनिबंध आणि प्रबंध आमच्याकडे टायपिंगला, सेटिंगला येतात. सगळ्यांत जास्त वेळ खाते ती संदर्भसूची, आणि तीही सबमिशनच्या आदल्या रात्री. म्हणून हे आधीच सांगतो आहोत.

पद्धत कोणती, ते गाईडना विचारूनच या. अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनची ‘एएसए’ पद्धत सांगितली असेल, तर मजकुरातच कंसात आडनाव, वर्ष आणि कोलनला चिकटून पान येते : (कर्वे १९५३:११५). आडनावानंतर स्वल्पविराम नाही. ‘एपीए’ या दुसऱ्या, मानसशास्त्राच्या अमेरिकन संघटनेच्या पद्धतीत तो लागतो. सूचीतही ‘एएसए’ला पूर्ण नाव हवे, म्हणजे ‘कर्वे, इ.’ नव्हे, ‘कर्वे, इरावती’.

खरा घोळ होतो तो वर्षाचा. इरावतीबाईंचे ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ आपल्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली काढले. दुसरी आवृत्ती १९६५ची. वाचली १९६५ची प्रत आणि लिहिले १९५३, की तपासणारे ते पान उघडतात आणि तिथे ते वाक्यच सापडत नाही. तुम्ही मन लावून वाचलेले असते, तरी शंका तुमच्यावर येते. आम्हाला याचे फार वाईट वाटते. जी प्रत हातात होती, तिचेच वर्ष द्या. बाबासाहेबांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध १९१७ साली छापला गेला. तो महाराष्ट्र शासनाने १९७९मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडातून वाचला असेल, तर दोन्ही वर्षे येतात : (आंबेडकर [१९१७] १९७९). वर्षापुढे कोलन देऊन त्या खंडातले पान.

पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात झेरॉक्स काढाल तेव्हा शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू, दोन्हींचा मोबाइलवर फोटो घ्या. पानाचा आकडा झेरॉक्समध्ये हमखास कापला जातो. तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवा.

मुलाखतींच्या फायलींतून लोकांची खरी नावे काढूनच त्या आमच्याकडे द्या. नावे बदलली आहेत, हे अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात एकदा नोंदवले की पुरे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणे त्या मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे टक्का उतरवण्यासाठी वाक्ये फिरवून देण्याचे काम आम्ही घेत नाही.

सूची अकारविल्हे लावणे, तिरपा टाइप, समास, बाइंडिंग हे सगळे आमच्याकडे. पुस्तक न पाहता वर्ष किंवा पान मात्र आम्ही भरणार नाही. ती जागा पिवळी करून प्रिंट तुमच्याकडे परत येईल.