चर्मकाम : हातहत्यारे व साहित्य यांची निवड

कमावलेले कातडे कापून, छिलून, टोचून आणि शिवून त्याच्या वस्तू घडविण्याच्या हस्तव्यवसायाला चर्मकाम म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत हे काम पायताणे आणि शेतीचा सरंजाम या दोन गरजांभोवती वाढले. विहिरींवर मोटा चालत होत्या तोवर मोटेला आणि तिच्या सोंडेला कातडे लागे. इंजिने व विजेचे पंप आल्यावर ते काम संपले, मात्र बैलांचे पट्टे आणि घुंगुरमाळा अजून शिवल्या जातात. 2019 मध्ये जाहीर झालेल्या ‘कोल्हापुरी चप्पल’ या भौगोलिक मानांकनाच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सोलापूर, सांगली व सातारा, तसेच कर्नाटकातील चार जिल्हे येतात. तेव्हा नाव एका गावाचे असले तरी कसब बऱ्याच मोठ्या मुलखाचे आहे.

नवशिका बहुधा आधी हत्यारांचा संच विकत घेतो आणि कातड्याचा विचार नंतर करतो. हा क्रम उलटा असावा, कारण कोणते हत्यार लागेल हे कातड्याच्या जाडीवर आणि ते कसे कमावले आहे यावर ठरते. झाडपाल्याच्या कमावणीत बाभळीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यात मुरविले जाते. हिरडा महाबळेश्वर-पाटणकडच्या सह्याद्रीत, तर बाभूळ माण, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात मिळते. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढलेले व आतून खरवडलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे आणि त्यात सालीचा काढा भरायचा, ही जुनी रीत कित्येक दिवस खाणारी आहे. असे कातडे घट्ट असते, ओले करून ठोकता येते आणि दिलेला आकार धरून ठेवते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे त्यामानाने फार लवकर तयार होते, मऊ असते, पाणी व उष्णता अधिक सोसते. पण त्यावर ठसा उठत नाही आणि घासून कड गुळगुळीत होत नाही. दोन्हींतला फरक दुकानातच ओळखता येतो : झाडपाल्याच्या, रंग न दिलेल्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जाऊन जागा गडद होते, आणि कापलेल्या कडेचा रंग आरपार तपकिरी दिसतो. क्रोमच्या कातड्याची कड बहुधा निळसर करडी असते.

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीचा भाग सर्वांत घट्ट आणि एकसारखा असतो; पोटाचा भाग सैल असून ताणला जातो, म्हणून पट्टा किंवा तळ त्यातून कापू नये. पट्ट्याला साधारण 3 ते 4 मिमी, पाकिटाला 1 ते 1.5 मिमी जाडी पुरते. अस्तराला शेळीचे पातळ कातडे चालते. महाराष्ट्रात 2015 पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने जाड कामासाठी म्हशीच्या कातड्यावर भर असतो.

हत्यारांमध्ये रापीला पहिला मान आहे. रुंद, सपाट पात्याच्या या एका हत्याराने कापणे, छिलणे आणि कड पातळ करणे ही तिन्ही कामे होतात, आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते रापीवर वाचवू नयेत. बोथट रापीला जोर द्यावा लागतो व जोर दिलेले पाते घसरते, त्यामुळे हाताला होणाऱ्या जखमांचे मूळ बहुतेक वेळा धार नसण्यात असते. आधी दगडावर आणि मग कातड्याच्या पट्टीवर पाते फिरवून धार काढावी. काम चालू असतानाही ती पुन्हा पुन्हा लावावी लागते. कापताना खाली लाकडी ठोकळा घ्यावा. दगडी फरशी ठोकण्यासाठी ठीक. तिच्यावर कापल्यास धार एका फटक्यात जाते.

आरीचे, म्हणजे कातड्याला भोक पाडायच्या टोच्याचे, दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. रस्त्याकडेचा कारागीर वापरतो ती आरी टोकाला खाच असलेली असते. ती कातड्यात घुसवून खालचा दोरा वर ओढून घेतात आणि त्या फाशातून दुसरा दोरा काढतात. ही शिवण झपाट्याने होते, पण एक टाका झिजून तुटला की शेजारचे ढिले पडू लागतात. साध्या आरीने भोक पाडून एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बोथट सुया लावायच्या आणि दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून त्या ओवायच्या, ही शिवण सावकाश होते. मात्र एक टाका तुटला तरी उरलेले तग धरतात. पट्टा, बैलाचा साज अशा ओढ सोसणाऱ्या कामाला दुसरीच पद्धत योग्य. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट दोरा घेऊन त्याला मेण चोळावे. कोल्हापुरी धाटणीच्या चपलेत दोऱ्याऐवजी कातड्याचीच बारीक वादी ओवतात आणि खिळा वापरत नाहीत.

हातोडीचे तोंड गुळगुळीत व किंचित गोलसर हवे, नाहीतर तिच्या कडेचे वळ कातड्यावर कायमचे उमटतात. ओल्या, झाडपाल्याच्या कातड्याला उघडे लोखंड लागले तर टॅनिनशी संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात. ताजा डाग लिंबाच्या रसाने बराचसा जातो, म्हणून कामाच्या जागी लिंबू असावे, हे वरवर गमतीचे वाटले तरी उपयोगाचे आहे. चिकटविण्यासाठीचा रबरी सोल्युशन आणि कडेला घासायचा डिंक कोणत्याही चर्मसाहित्याच्या दुकानात मिळतो.

साठवणीची रीत गावाप्रमाणे बदलते. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या कातड्याला बुरशी येते, तेव्हा ते सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच, हवेशीर ठेवावे. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात तेच कातडे कोरडे पडून तडकते. तेथे ते सावलीत ठेवून तेलाचा हलका हात द्यावा. तेल जास्त झाल्यास कातडे लोळागोळा होते आणि पट्टा लांबतो.