समिझदात

समिझदात : सोव्हिएत संघात सेन्सॉरची परवानगी न घेता टंकलिखित वा हस्तलिखित प्रतींतून हातोहात फिरलेले साहित्य, तसेच ते फिरवण्याची प्रथा. रशियनमध्ये ‘सम’ म्हणजे स्वतः आणि ‘इझदात’ हे ‘इझदातेल्स्त्वो’ (प्रकाशनसंस्था) या शब्दाचे संक्षिप्त रूप.

शब्दाचा उगम कवी निकोलाय ग्लाझकोव्ह यांच्याकडे नेला जातो. आपल्या टंकलिखित पुस्तिकांवर प्रकाशकाच्या नावाच्या जागी ते ‘समसेब्याइझदात’ असे टंकित करीत. ‘गोसइझदात’ या सरकारी प्रकाशनगृहाच्या नावाचे ते विडंबन होते. हा प्रकार १९४०च्या दशकातला मानतात. काही ठिकाणी १९५२ हे वर्ष आढळते, परंतु पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. आखूड रूप पुढे रूढ झाले.

प्रथा मात्र किती जुनी, यावर एकमत नाही. रादिश्चेव्ह यांचे १७९० मधील जप्त झालेले प्रवासवर्णन आणि ग्रिबोयेदव्ह यांचे ‘गोरे अत उमा’ (बुद्धीपायी दुःख) हे नाटक लोकांनी हाताने उतरवून वाचले. समीक्षक बेलिन्स्की यांनी लेखक गोगोल यांना लिहिलेले, राजवटीवर टीका करणारे पत्र (१८४७) एका चर्चामंडळात वाचून दाखवले, हा १८४९ मध्ये कादंबरीकार दस्तयेव्हस्की यांच्यावरील प्रमुख आरोपांपैकी एक होता. त्यांना मृत्युदंड सुनावला गेला आणि वधस्थळी नेल्यावर तो बदलून सक्तमजुरी दिली गेली. या साऱ्यालाच काही अभ्यासक समिझदात म्हणतात. तथापि झारच्या काळी खाजगी छापखाने होते, सोव्हिएत काळात मुद्रण पूर्णपणे सरकारच्या हाती गेले. म्हणून दोन्ही वेगळे धरणारे मत अधिक सयुक्तिक ठरते.

टंकलेखनयंत्रात पातळ कागद आणि कार्बन यांचे थर घालून एका वेळी चार-पाच प्रती निघत. कळा जोराने दाबाव्या लागत, तरी शेवटची प्रत पुसटच येई. पुस्तक अनेकदा एका रात्रीपुरते मिळे. घरातली माणसे गोल बसून वाचून झालेले पान शेजाऱ्याच्या हाती देत. वाचकानेच पुन्हा प्रती काढाव्यात, अशी अपेक्षा असे. असा वाचक लेखनिक आणि प्रकाशकही होई, आणि त्यासाठी तुरुंगाची जोखीम पत्करी.

कागदही धोक्याचा असे, तेव्हा स्मरणशक्ती कामी आली. कवयित्री आन्ना अख्मातोवा यांचे ‘रेक्वियम’ हे स्टालिनकालीन दहशतीवरील काव्य मुख्यतः १९३५ ते १९४० या काळातले. त्यांच्या स्नेही लेखिका लीदिया चुकोव्स्काया यांनी नोंदवल्याप्रमाणे, कोणी चोरून ऐकत असेल या भीतीने अख्मातोवा मोठ्याने चहाची चौकशी करीत आणि त्याच वेळी चिटोऱ्यावर ओळी लिहून पुढे सरकवीत. त्या पाठ झाल्या की चिटोरा ॲशट्रेवर जाळीत. हे काव्य १९६३ मध्ये म्युनिकला छापले गेले, मायदेशी १९८७ मध्ये. परदेशी छापलेल्या अशा साहित्यास ‘तमिझदात’ (‘तम’ म्हणजे तिकडे) म्हणतात. पस्तेर्नाक यांची ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी (मिलान, १९५७) हे त्याचे ठळक उदाहरण.

‘चालू घडामोडींचा वृत्तान्त’ हे हक्कभंगांची नोंद ठेवणारे टंकलिखित नियतकालिक १९६८ मध्ये निघाले. पहिल्या संपादक नताल्या गोर्बानेव्हस्काया यांना १९६९ अखेर अटक होऊन पुढे कझानच्या मनोरुग्णालयात डांबण्यात आले. तरी नियतकालिक १९८०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालू राहिले. ध्वनिफितींवरून फिरलेल्या गीतांना ‘मग्नितिझदात’ असे नाव आहे. १९९० च्या मुद्रणविषयक कायद्याने सेन्सॉर रद्द झाला.